आधी झोपणारी सुईण

पेंगाबाई बाळंतपणाला आली की आधी झोपायची. थट्टा नाही करत. घरात बाई कळा देतेय, चुलीवर पाणी उकळतंय, सासू-नणंदांची पळापळ चाललीय, आणि जिला एवढं बोलावून आणलं ती बाजेशेजारी जमिनीवर आडवी होऊन, पदर तोंडावर ओढून, खुशाल घोरतेय. एक हात मात्र त्या बाईच्या पायाच्या घोट्यावर. पेंगाबाई हे नाव गावानेच ठेवलेलं. खरं नाव विचारायचं मला कधी सुचलं नाही, याची आता लाज वाटते.

लढाईचे दिवस होते. आमचे हे राहुरीच्या पलीकडे एका खेड्यात शाळामास्तर. साखर रेशनवर, रॉकेल मिळेल तेव्हा. मला दुसऱ्यांदा दिवस गेले होते आणि पाचवा महिना लागला तरी मी त्याबद्दल कुणाशी चकार शब्द काढला नव्हता. पहिलं बाळंतपण माहेरी, भिंगारला झालं. झालं कसलं, दोन दिवस नुसता छळ! खोलीत सात-आठ बायका, सगळ्या एकदम ओरडताहेत, "जोर लाव, अगं जोर लाव." सुईण मांडीवर चापट्या मारत होती, शेवटी तर पोटावर गुडघा देऊन बसली. मुलगा होता. रडलाच नाही. त्याला फडक्यात गुंडाळून मागच्या दाराने नेलं, मला दाखवलंसुद्धा नाही. वर ती सुईण म्हणाली, "हिच्यातच दम नाही." ते ऐकून मी तीन वर्षं काढली. आता मला कुठलीच सुईण नको होती. एकटीने मेले तरी चालेल, पण तो आरडाओरडा नको, असं मी ठरवून टाकलं होतं.

विहिरीवर पाटलांच्या थोरल्या सुनेने मला हंडा उचलताना पाहिलं आणि ओळखलं. म्हणाली, "मास्तरीनबाई, पेंगाबाईला बोलवा. ती वरडत न्हाई."

तेवढ्यावर मी हो म्हटलं.

ती आली भर दुपारी, खुरपणीवरून थेट. पायाला माती, कमरेला खुरपं. "दमले गं बाई," म्हणाली आणि ओसरीवर कलंडली. सासूबाई आतून बघत होत्या. "ही कसली सुईण? आधी हिचेच पाय चेपून द्या कुणीतरी!" मी गुळाचा चहा केला. तो बशीतून फुर्र फुर्र प्याली, पुन्हा आडवी झाली आणि डोळे मिटूनच विचारलं, "मागल्या खेपंला काय झालं?"

"पोटुशीने असलं काही बोलू नये," सासूबाई तटकन म्हणाल्या.

"बोलू द्या. पोटात एक हाय, मनात दुसरंच घिऊन बसलीया. दोन वझी कशी उचलावी तिनं?"

तीन वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. आईनेही नाही. पेंगाबाईचे डोळे मिटलेले होते म्हणूनच मी बोलू शकले असेन. समोरून कुणी तोंडाकडे बघत असतं तर जमलं नसतं. सगळं सांगितलं. सांगून संपले तर ही गाढ झोपलेली! असा काही संताप आला म्हणता. उठणार, तेवढ्यात पदराआडून आवाज आला, "त्याचं त्वांड बघितलंस?"

"नाही."

ती कुशीवर वळली. मग म्हणाली, "या खेपंला जितं आसंल नायतर मेलं, आधी तुला दावीन. मग बाकीच्यांस्नी."

सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. मी मात्र त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

मग दर बाजाराच्या दिवशी ती यायची. पोट चाचपायची, चहा प्यायची, झोपायची. नवरा कधीच गेलेला, दिवसभर लोकांच्या शेतात राबणं, वर गावभरची बाळंतपणं. "लोकं रातचं निजत्यात, म्या गावंल तवा निजते," म्हणायची. एकदा मी घाबरून विचारलं, ऐन वेळी तुम्ही अशाच झोपलात तर? तिला हसू आलं. "म्या निजले म्हंजी समजायचं, समदं बेस हाय. भ्यायचं काम पडलं तर म्या जागी आसंन."

कळा सकाळी सुरू झाल्या. पेंगाबाईने सासूबाई सोडून सगळ्यांना बाहेर काढलं आणि आपली आडवी झाली. कळ आली की घोट्यावरची बोटं जरा आवळायची, गेली की सैल पडायची. "वरडावं वाटलं तर वरड. लाजू नगंस," एवढंच एकदा पुटपुटली. दुपार कलली. मी इतकी दमले होते की दोन कळांच्या मधे मलाही डुलकी लागायची. अशाच एका डुलकीतून डोळे उघडले तर ती उठून बसलेली. टक्क जागी.

मी बाजेची कड धरली. "मावशी, जाग्या का?"

"व्हय." खोटं नाही बोलली. "आता म्या सांगंन तवाच जोर कर. एरवी नगं."

मुलगी झाली. निळी पडलेली, गळ्याभोवती नाळ, आवाज नाही. सासूबाईंनी फडकं घेऊन हात पुढे केले. पेंगाबाईने ते हात कोपराने बाजूला सारले, नाळेचा वेढा काढला आणि पोर ओलीकच्च माझ्या छातीवर ठेवली. "बघ. आधी तू."

मी पाहिलं. ओठ, भुवया, कानावरची लव, सगळं पाहून घेतलं. तिथेच, माझ्या छातीवरच, ती पोरीची पाठ चोळत राहिली, तोंडातला चिकटा बोटाने काढला, हळूच फुंकर घातली. किती वेळ, देव जाणे. मग पोरीने एक शिंक दिली आणि भोकाड पसरलं. सासूबाई मटकन खाली बसल्या. पेंगाबाईने पुढचं सगळं नीट उरकलं, हात धुतले आणि होती तिथेच झोपली. सोवळ्याओवळ्यासाठी घर डोक्यावर घेणाऱ्या आमच्या सासूबाई, पण त्यांनी स्वतःची वाकळ आणून तिच्या अंगावर घातली.

पोर दीड वर्षाची झाली आणि यांची श्रीरामपूरकडे बदली झाली. निघालो तेव्हा पेंगाबाई खुरपत होती. बांधावर आली, पोरीच्या गालाला मातीचा हात लावला. "लई दमवू नका हिला," म्हणाली.

चार उन्हाळे गेले. पाटलांच्या सुनेचा निरोप आला, पेंगाबाईने अंथरूण धरलंय. बैलगाडीतून धुळीने माखून पोचले. दारातच पेंगाबाईची सून म्हणाली, "चार दिस झालं, डोळ्याला डोळा न्हाई."

पेंगाबाई आढ्याकडे बघत पडली होती. मी जवळ जाऊन वाकले. "मावशी, जाग्या का?"

"व्हय," ती म्हणाली. "भ्या वाटतंय गं."

उन्हातान्हातून आलेली, अंगात त्राण नव्हतं. "दमले गं बाई," म्हणाले आणि तिच्या पायाशी उघड्या जमिनीवरच आडवी झाले. पदर तोंडावर ओढला. एक हात तिच्या घोट्यावर ठेवला. केवढासा राहिला होता तो घोटा!

"निजलीस?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"निजले."

आधी सोंगच होतं. मग खरंच झोप लागली.

जाग आली तेव्हा उन्हं अंगणाबाहेर गेली होती. पेंगाबाई घोरत होती. सून चहा घेऊन दारात आली, काही बोलणार तोच मी खुणेने तिला गप्प केलं. चहा निवून गेला, बाहेर गाडीवान हाका मारत राहिला, पण घोट्यावरचा हात मला काढवेना.