बॉनेटखालचा तांब्या

जगात जे काही बंद पडतं ते आपण येऊन बघावं म्हणूनच बंद पडतं, अशी ज्याची मनापासून समजूत आहे असा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि ते म्हणजे आमच्या हिचे कोल्हारचे मामा. मी नगरला राहतो. आता अहिल्यानगर म्हणायचं, पाटी बदलली, जिभेला अजून वळण पडायचंय. माझं आणि यंत्रांचं इतकं वाकडं आहे की मिक्सरचं भांडं नीट बसलं नाही तर मी चटणीच सोडून देतो. त्यामुळे कोल्हारला मी जातो जावई म्हणून आणि राहतो भक्तासारखा. मामाही मला जावयाचा सगळा मान देतात. बसायला पाट देतात, 'जावईबापू' म्हणतात, आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत हातात बॅटरी देऊन म्हणतात, "जरा इकडे उजेड धरा."

घराणं मूळचं भिक्षुकीचं. आजोबा-पणजोबांनी आसपासच्या गावांतली लग्नं-मुंजी लावली. मामांनी साखर कारखान्याच्या ऑफिसात हजेऱ्या लिहून नोकरी काढली, पण रक्तातलं सोवळं काही गेलं नाही. ते फक्त देवघरातून निघून इंजिनात जाऊन बसलं. बॉनेट उघडायचं ते आंघोळ करूनच. अंगावर धोतर, वर उघडे, आणि जानवं पट्ट्यात अडकू नये म्हणून कानाला गुंडाळलेलं. आता जानवं कानाला लावून माणूस अंगणात वाकलेला दिसला की रस्त्यानं जाणाऱ्याचा काय समज व्हायचा तो होतोच. "अहो, लोक भलतंच समजतात," मामी स्वयंपाकघरातून ओरडतात. मामा इंजिनातून उत्तर देतात, "समजू देत. लोकांना समजावता येतं, फॅनबेल्टला नाही." इंजिन तपासायला ते ताकाची रवी वापरतात. रवीचं फूल इंजिनावर टेकवायचं, दांडा कानाला लावायचा आणि डोळे मिटायचे. मग चेहऱ्यावर अशी काही समाधी उमटते की आपल्यालाही चपला काढून उभं राहावंसं वाटतं.

आणि हे सगळं ढोंग असतं तर मी हसून मोकळा झालो असतो. पण माणसाचा कान खरा आहे हो. राहुरीला एका लग्नात अंतरपाट धरलेला, अक्षता वाटून झालेल्या, शेवटचं मंगलाष्टक चाललेलं, आणि मामांनी एकदम हात वर केला. भिक्षुकाच्या घरचा माणूस हात वर करतोय म्हटल्यावर नवरीच्या बापाचा चेहराच उतरला. मुहूर्तात काहीतरी खोट निघाली म्हणून सगळा मांडव गप्प. मामा शांतपणे म्हणाले, "चालू द्या, चालू द्या. तुमचा जनरेटर आत्ता बंद पडणार आहे, एवढंच." 'सावधान' म्हणायला आणि दिवे जायला एकच गाठ पडली. अंधारात नवरा-नवरी एकमेकांना हार घालायला चाचपडत होते, आणि उजेड परत आला तेव्हा मामा मांडवाच्या मागून डिझेलचे हात अक्षतांच्या कागदाला पुसत येत होते. त्या दिवसापासून मामा एखाद्या यंत्राकडे नुसते रोखून बघायला लागले तरी मी आधी बॅटरी हुडकून ठेवतो.

एवढ्या माणसाची स्वतःची गाडी मात्र जुनी डिझेलची. मामा ती इतक्या सावकाश चालवतात की हंगामात नगर-मनमाड रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या घेऊन त्यांना मागे टाकतात आणि ट्रॉलीवर बसलेली माणसं हात हलवून निरोप देतात. पण याच सावकाशीमुळे ती गाडी मामींच्या जिवाची. मामींना बस लागते, जीप लागते, मुलाची पुण्याहून येणारी गार हवेची नवी गाडी तर बसल्याबसल्या लागते. लागत नाही ती ही एकटीच. आणि मामींना वर्षातून एकदा पारनेरला जायचंच असतं. तिथं त्यांचे थोरले भाऊ, त्यांना सगळे दादा म्हणत. शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले, पडून खुबा मोडल्यापासून अंथरुणावर. भाऊबीजेला बहिणीनं ओवाळल्याशिवाय दादा जेवत नसत, मग दोन वाजोत की चार.

दोन वर्षांमागं भाऊबीजेला ही गाडी कामरगावच्या घाटात बसली. काळा धूर असा निघाला की मागच्या एसटीच्या ड्रायव्हरनं खिडकीतून हात जोडले. मामी कांद्याच्या टेम्पोत पुढं बसून पारनेरला पोचल्या तेव्हा ओवाळायचं त्राण राहिलं नव्हतं, आणि दादा सकाळपासून उपाशी. पुण्याचा मुलगा फोनवर मामांना स्पष्ट बोलला. "बाबा, पुढच्या भाऊबीजेला ही घाट चढली तर ठेवा. नाही चढली तर मी येऊन भंगारात देणार." गाडी गेली तर दादांची भेट गेली, हे घरात सगळ्यांना कळत होतं, आणि दादांच्या आणखी किती भाऊबिजा उरल्यात याचा अंदाजही सगळ्यांना होता.

मामांनी वर्षभर त्या धुराचा अभ्यास केला. मोबाईलवर कुठल्यातरी परक्या मुलखातल्या एका दाढीवाल्याचे व्हिडिओ बघत. "याची भाषा कळते तुम्हाला?" मी विचारलं. "भाषा कशाला कळायला पाहिजे? हात कळतात की." मग त्यांनी मला समजावलं, तेही मला कळेल असं. तळणीची वाफ स्वयंपाकघराच्या भिंतीला बसून भिंत चिकट होते ना, तसंच इंजिनाच्या पोटात तेलाची वाफ होते. ती बाहेर काढायला एक नळी असते, आणि ती नळी परत त्याच इंजिनाच्या नाकात सोडलेली असते. वर्षानुवर्षं तेलकट वाफ हुंगून हुंगून श्वासनलिका भरते, काजळी धरते, आणि मग चढाला दम लागतो. मामांनी ती श्वासनलिका सोडवून उलथन्यानं खरवडली तेव्हा चांगली घमेलंभर काळी खरवड निघाली. आता पुन्हा भरू नये म्हणून नळीच्या मध्ये एक घट्ट झाकणाचं भांडं बसवायचं. वाफ त्यात शिरेल, तेल खाली राहील, कोरडी हवा पुढं जाईल. दाढीवाल्याकडे तयार डबा होता. मामा तयार डबा विकत घेतील तर ते मामा कसले.

भांड्याचा शोध सुरू झाला. लोणच्याची बरणी फुटेल, स्टीलच्या कडीच्या डब्याचं झाकण हवा सोडतं, प्रेशर कुकरला मामींनी हात लावू दिला नाही. आणि मग मामांची नजर गेली फळीवरच्या फिरकीच्या तांब्यावर. पितळेचा, आट्यांचं झाकण, उलटा धरला तरी थेंब गळणार नाही असा. दादांनी मामींच्या लग्नात दिलेला, काशीचं गंगाजल भरून. कित्येक दिवस मामा त्याच्याकडे नुसते बघत होते. शेवटी मामीच म्हणाल्या, "न्या. पण तांब्याला भोक पाडायचं नाही, झाकणाला काय ते पाडा. आणि आत लोखंड घालायचं नाही. गंगा होती त्यात."

झाकणाला मामांनी दोन पितळी तोट्या बसवल्या, एक आत येणारी, एक बाहेर जाणारी. आता आत काहीतरी जाळी लागते, वाफ अडकायला. दाढीवाला भांडी घासायची लोखंडी तार कोंबत होता. इथं लोखंड वर्ज्य. मामांनी दुसरा कुणी करणार नाही असा विचार केला. देवाची उपकरणी ज्यानं घासतात ते शुद्धच असणार, म्हणून तांब्यात नारळाची शेंडी ठासून भरली. तांब्या बॅटरीशेजारी पट्टीनं आवळला, कुंकू लावलं, आणि आम्ही दोघं चाचणीला निघालो. प्रवरेच्या पुलावर मध्यावर आलो आणि बॉनेटखाली फट् असा आवाज झाला. उघडून बघतो तर तेल बघायची काडी जागेवरून उडून बाहेर आलेली आणि सगळं इंजिन तेलानं न्हालेलं. शेंडी तेलात भिजून फुगली होती आणि तिनं बाहेरची तोटी गच्च बुजवली होती. मामांचं पांढरंशुभ्र धोतर गुडघ्यापर्यंत काळं झालं. त्यांनी फुगलेली शेंडी बोटांनी उपसून काढली. "श्वास कोंडला हो तिचा," म्हणाले. "माझ्या हातानं कोंडला."

दिवाळी दारात आलेली. घरी येऊन मामा ओसरीवर बसले आणि मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं ते म्हणाले, "देऊन टाकू भंगारात." मामी तांदूळ निवडत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "लोखंड नको म्हटलं होतं मी. तांबं नको असं कधी म्हटलं?" मामा उठले ते तसेच काळ्या धोतरानं बाजारातल्या मोटार रिवायंडिंगवाल्याकडे. त्याच्याकडे विहिरींवरच्या जळक्या मोटारींतून काढलेल्या तांब्याच्या तारांची भेंडोळी पडलेली असतात. "न्या की मामा, लागंल तेवढी न्या," तो म्हणाला. "पर गाडीच्या इंजिनात मामींचा तांब्या? आमी असलं कुठं बघितलं न्हाई. लई डोकं हाय तुमचं." मामांनी तार धुतली, वाळवली, तिचा सैलसर गोळा केला आणि तांब्यात सोडला. मग एका तोटीला तोंड लावून फुंकर मारली आणि दुसऱ्या तोटीपुढं माझा तळहात धरला. हवा लागली.

भाऊबीजेला सकाळी निघालो. मामा, मामी, मागं मी आणि ही. मामींच्या मांडीवर ओवाळायचं तबक फडक्यानं झाकलेलं. नगर मागं पडलं, आणि घाट सुरू झाला तसं मामींनी तबक दोन्ही हातांनी धरलं. मी मान मागं वळवून बसलो होतो, मला पुढं बघायचा धीरच नव्हता. गेल्या खेपेला जिथं गाडी बसली ते वळण आलं. मामांनी गिअर खाली टाकला, गाडी जराशी थरथरली आणि चढत राहिली. मागं रस्ता होता, कडेची झाडं होती, एक एसटी होती आणि धूर नव्हता. मी आयुष्यात मोठमोठे पूल पाहिले, धरणं पाहिली, पण त्या वेळी पुढं वळून, कानाला जानवं लावणाऱ्या त्या माणसाच्या पाठमोऱ्या मानेकडे बघून जे वाटलं ते कशाकडेच बघून वाटलेलं नाही. वर सपाटीला मामांनी गाडी थांबवली, फडक्यानं धरून झाकण फिरवलं आणि तांब्या तिरका करून आम्हाला दाखवला. तळाशी काळंभोर तेल साचलं होतं. "हे सगळं तिच्या छातीत गेलं असतं," मामा म्हणाले.

पारनेरला दादा उपाशी वाट बघत होते. ओवाळणं झालं, जेवणं झाली, आणि मग मामा चोरट्यासारखे पुढं होऊन म्हणाले, "दादा, तुमचा तांब्या मी जरा वापरायला काढलाय." कुठं, ते ऐकल्यावर दादांनी हट्टच धरला. आम्ही त्यांना खुर्चीत घालून अंगणात नेलं. बॉनेट उघडलं. दादांनी वाकून त्या तेलकट, काळवंडलेल्या तांब्यावर हात ठेवला. अजून कोमट होता. "फळीवर बसून काय करत होता इतकी वर्षं," दादा मामींना म्हणाले. "आता तुला घेऊन तरी येतो." मामींनी डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, धूर गेला डोळ्यात. धूर कुठला आलाय. सबंध प्रवासात धूर नव्हताच.

दादा माघात गेले.

यंदा भाऊबीजेला पारनेरचा विषय कुणी काढला नाही. आम्ही कोल्हारलाच होतो. दिवेलागणीला मामी तबक घेऊन अंगणात आल्या. ज्या बाईला भाऊ नाही तिनं चंद्राला ओवाळायचं, तशी आपल्यात रीत आहे. पण आभाळ भरून आलेलं, चंद्राची कोर कुठं दिसेना. मामी तबक धरून वर बघत उभ्या होत्या, आणि निरांजन वाऱ्यानं विझू बघत होतं. मामा गाडीकडे गेले आणि त्यांनी बॉनेट उघडलं. तांब्या चिंचेनं घासून लखलखीत केलेला होता. कधी केला कुणास ठाऊक.

"काहीतरीच तुमचं," मामी म्हणाल्या. पण पुढं झाल्या. तांब्याला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. मामा निरांजनाला हाताचा आडोसा धरून उभे होते आणि पुटपुटत होते, "इंजिन गार आहे, मी बघितलंय." ओवाळून झालं तरी मामी तिथंच थांबल्या. तांब्या ओवाळणी कशी घालणार? मामांनी खिशात हात घातला, गाडीची किल्ली काढली आणि तबकात ठेवली.

"मला कुठं चालवता येते?" मामी म्हणाल्या.

"त्याला मी आहे की," मामा म्हणाले, आणि मला म्हणाले, "जावईबापू, जरा इकडे उजेड धरा." मी बॅटरी धरली, आणि मामांनी तांब्यावरचं कुंकू तसंच ठेवून बॉनेट लावलं.