दुमडलेला कान

मावशीने बावीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवल्या. पुढे शवागाराच्या डॉक्टरांनी तिच्या हातचं कसब पाहून तिला बोलावून घेतलं आणि गेली सहा वर्षं ती बेवारस कवट्यांना चेहरे देत होती. कवटीच्या साच्यावर ठरलेल्या जागी रबराच्या खुंट्या चिकटवायच्या आणि खुंटीच्या उंचीइतकी माती भरायची. गाल, कपाळ, हनुवटी हाडं सांगतात. कानाबद्दल मात्र हाडं चकार शब्द काढत नाहीत. ते अंदाजाने करायचे.

त्या सकाळी नवरा आदल्या दिवशीचा पेपर वाचत होता. आतल्या पानावर मावशीच्या आठव्या चेहऱ्याचा, थोडा बाजूने काढलेला फोटो होता. खाली लिहिलं होतं, ओळखत असल्यास कळवा.

"हा ओळखीचा वाटतोय गं," नवरा म्हणाला. "तुझ्या माहेरचा असेल. तसाच मातकट."

मावशी उलट उत्तर द्यायला वळली. पेपराच्या कडेशी नवऱ्याचा कान दिसत होता, वरची कड पुढे दुमडलेला. बाबांनी पुस्तकाच्या पानासारखी कानात खूण घालून ठेवलीय, कुठवर ऐकलं ते कळायला, असं लेक म्हणायची. फोटोतल्या माणसाचा कान अगदी तसाच होता.

तीस वर्षं रोज सकाळी पाहिलेला कान. हातांनी तो परस्पर उचलला होता, तिला न विचारता.

"काय झालं? पांढरीफटक पडलीस."

"काही नाही. उशीर झालाय."

कुणी यायच्या आत तो कान काढून टाकायचा, एवढंच तिच्या डोक्यात होतं. शवागाराचा जिना ती धावतच चढली. दार ढकललं तर आत इन्स्पेक्टर उभा, आणि मातीच्या डोक्यासमोर खुर्चीवर एक थकलेली बाई.

"मावशी, कमाल केलीत," इन्स्पेक्टर म्हणाला. "फोटो पाहून पहिल्या गाडीने आल्यात. मुलगा चार वर्षं बेपत्ता. ओळख पटली."

"हाच," बाई म्हणाली. तिचं बोट कानावर होतं. "चेहरा जरा सुजल्यासारखा वाटतो, पण हा कान माझ्या बाळाचाच. जन्मतःच दुमडलेला."

गप्प राहिलं तर ही बाई परक्या कुणाची हाडं घरी नेणार आणि मुलाला शोधायचं थांबणार. बोललं तर आधीच्या सात चेहऱ्यांचं काय? त्यांचे कान कुणाचे होते?

"सही करा इथे," इन्स्पेक्टरने कागद सरकवला.

"थांबा!" आवाज नको तितका मोठा निघाला. "कान माझ्या मनाचा आहे, बाई. कवटीवरून कान कळत नाही. हा… हा आमच्या ह्यांचा आहे."

"मावशी, काय बोलताय?"

मावशीने अंगठ्याने दोन्ही कान खरवडून काढले. "आता बघा. नुसता चेहरा बघा."

बाई बघत राहिली. एकदा समोरून, एकदा बाजूने.

"नाही," ती शेवटी म्हणाली. "हा नाही. ह्याचा जबडा केवढा रुंद आहे." मग तिने मावशीचं मातीने भरलेलं मनगट घट्ट धरलं. "मग माझा कुठे आहे हो?"

मावशी स्टूल ओढून तिच्या शेजारी बसली.

बाई गेल्यावर तिने कपाटातून जुन्या फाइली काढल्या.

"कशाला उकरताय?" इन्स्पेक्टर वैतागला. "घरची माणसं घेऊन गेली आपापला माणूस. संपलं ते."

पहिल्या फोटोतला कान साधा होता. दुसऱ्यातलाही. तिसरा फोटो तिने अंगठ्याने झाकला आणि मग अंगठा उचलला.

वरची कड पुढे दुमडलेली होती.

"साहेब," ती म्हणाली, "हा तिसरा ज्यांनी नेला त्यांचा पत्ता द्या. मलाच जायला हवं."