आईसकट उतरवून घेतलेली कोडी

पुण्यातल्या एका कंपनीत माझी आई माझ्या मावसभावाची आई म्हणून ओळखली जाते, आणि याला माझी लेखी परवानगी आहे.

दर डिसेंबरात इंटरनेटवर प्रोग्रॅमिंगची कोडी येतात, रोज एक. मी ती सोडवतो आणि उत्तरांचे प्रोग्रॅम वर्षवार लावून सगळ्यांसाठी खुले ठेवतो. नाव न घालता! कारण माझे वडील, अण्णा, ऊसतोड कामगारांची पत्रकं लिहितात आणि प्रत्येकाच्या तळाशी छापतात, ‘मालकी कुणाचीच नाही. उतरवा, वाटा.’ याच ओळीवर मी वाढलो. तीच संग्रहाच्या माथ्यावर टाकली. (तारखाही दिसू देत नसे. ‘आधी मी’ म्हणणं ही सरंजामी वृत्ती!)

डिसेंबरात आई-अण्णा ऊसतोडीला गेलेले, पाथर्डीच्या घरात मी आणि शेळी. बोलायला कोणी नाही, म्हणून फोनवर कळेल ते प्रोग्रॅमच्या वर दोन ओळींत खरडायचो: ‘आज आईच्या हाताला कोयता लागला. तरी मोळ्या बांधल्या.’

यंदा दिवाळीनंतर पुण्यातल्या त्या कंपनीने व्हिडिओवर माझी मुलाखत ठेवली. नोकरी लागली तर आईचा कोयता कायमचा खाली! तोडीला नेणारा ट्रक येण्यातच होता. आईला बजावलं, “कॅमेऱ्यासमोर येऊ नको.”

“न्हाई येत बाबा. मी हितंच कोयत्याला धार लावते, गपचीप.”

मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी संग्रह पडद्यावर उघडून विचारलं, “हा संग्रह तुमचा?”

“हो. म्हणजे, तत्त्वतः सर्वांचा.”

“आमच्या सुधीरचा आहे! तो बघूनच आम्ही त्याला घेतलं.”

सुधीर? माझा मावसभाऊ सुध्या! त्यांचं नेवाशात कापडाचं दुकान, मावशी गल्ल्यावर बसते, पंख्याखाली!

“कोडी उतरवलीत, ठीक,” साहेब म्हणाले, “पण त्याच्या आईचा जखमी हातसुद्धा? तो वाचून आमचं अख्खं ऑफिस रडलं होतं!”

“कुनाचा हात?” आई कोयत्यासकट कॅमेऱ्यात शिरली. “ह्यो बघा हात! सुध्याच्या आईला सुई तरी टोचली का कदी?”

साहेब खुर्चीसकट मागे सरकले. “आता आईसुद्धा भाड्याने आणलीत?”

“अण्णा, तुम्ही तरी सांगा!” मी ओरडलो.

अण्णा आले. चष्मा लावून त्यांनी पडद्यावरची संग्रहाची पहिली ओळ वाचली. त्यांना भरून आलं.

“साहेब, त्या पोरानं उतरवलं त्यात गैर काय न्हाई. मालकी कुनाचीच न्हाई!”

पडदा काळा झाला.

“अण्णा, नोकरी गेली!”

“आरं, पन आपली वळ पुन्याला पोचली की!”

आईने अण्णांकडे पाहिलं, मग कोयत्याकडे. “तुमच्या वळीला लई धार हाय,” ती म्हणाली. “ऊस मातर मलाच तोडावा लागतो.”

ट्रक आला. ती चढली, मागोमाग पत्रकांचा गठ्ठा घेऊन अण्णा. मला हात करताना आईने तो दुखरा हात पदराखालीच ठेवला.

डिसेंबरात सुध्याचा मेसेज आला: “दादा, यंदाचं कधी चढवतो? ऑफिसात सगळे विचारत्यात, आईचा हात कसाय म्हणून.”

मी पेटलो! दुसऱ्याच्या घामावर जगणाऱ्यांविरुद्ध एक जळजळीत पत्रक लिहिलं आणि संग्रहाच्या माथ्यावर लावलं. नाव न घालता, अर्थातच. तत्त्व म्हणजे तत्त्व!

ते आता कंपनीच्या भिंतीवर लागलं आहे, सुध्याच्या नावाने. खाली कोणीतरी कौतुकाने लिहिलंय म्हणे, ‘शेवटी लेक कुणाचा!’