अल्सेशियनची आई

नोकरीत पकडलेले कितीतरी अट्टल चोर आता चेहऱ्यानिशी पुसले गेले. पण बादलीत विरघळलेला तो अल्सेशियन काही केल्या विसरता येत नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी डोंबिवलीत फौजदार होतो. सकाळची हजेरी आटोपून चहाचा कप उचलला, तेवढ्यात एक निवृत्त हेडमास्तर पत्नीसह पोलीस ठाण्यात आले. बाईंच्या पदराखाली काहीतरी वळवळत होतं.

"माझी फसवणूक झाली आहे," हेडमास्तर म्हणाले. "विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर एका टोपलीवाल्याकडून अल्सेशियनचं पिल्लू म्हणून घेतलं. काल आंघोळ घातली, तर अल्सेशियन बादलीत राहिला आणि हातात हे आलं."

बाईंनी पदर बाजूला केला. आत तांबूस रंगाचं, लोंबत्या कानांचं गावठी पिल्लू होतं. पाठीवर काळपट डाग अजून शिल्लक होते.

"तक्रार ह्यांची आहे," बाई म्हणाल्या. "पिल्लू माझं आहे. ते मी कुणाला देणार नाही."

मी समजावलं की फसवणुकीच्या गुन्ह्यात पिल्लू म्हणजे मुद्देमाल, तो जप्त करावा लागतो. बाईंनी मुद्देमालाच्या खोलीत डोकावून पाहिलं. तिथं चोरीच्या सायकली आणि गावठी दारूने भरलेल्या टायरच्या ट्यूब पडल्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले. त्याच वर्षी एकुलती एक लेक सासरी गेली होती आणि घर खायला उठलं होतं. मी जप्ती तूर्त लांबणीवर टाकली.

"घेण्याआधी चौकशी केली नाहीत?" मी हेडमास्तरांना विचारलं.

"केली की! आईवडील कोण, हे विचारलं. तो म्हणाला, दोघंही मिलिटरीत आहेत."

लेकीच्या लग्नात याच गृहस्थांनी मुलाच्या आजोळापर्यंत चौकशी केली होती, असं बाईंनीच सांगितलं. आपल्या मध्यमवर्गाचं हे असं आहे. मिलिटरी म्हटलं की पुढचे प्रश्न आपोआप बंद होतात.

मला स्वतःला कुत्र्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. ठाण्याला घोडबंदर रोडवर, तेव्हा तिथं झाडी जास्त आणि माणसं कमी, एक वयस्कर बाई खऱ्या अल्सेशियनची पैदास करत. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आधी पिल्लांची आई दाखवली. चांगली धष्टपुष्ट आणि शांत होती. पिल्लांची जागाही लखलखीत.

"आईला पाहिल्याशिवाय पिल्लू घ्यायचं नाही," त्या म्हणाल्या. "आणि दोन महिन्यांच्या आत जो आईपासून तोडतो ना, त्याच्या दारात उभंही राहायचं नाही."

मला मोह झाला. "मला एक द्याल?"

"घरी कोण असतं दिवसभर?"

"कुणी नाही. मी पोलिसात..."

"मग तुम्हाला नाही मिळणार."

अख्ख्या नोकरीत माझी उलटतपासणी इतक्या झटपट कुणी आटोपली नाही.

चार-दोन दिवसांत विठ्ठलवाडीच्या चहावाल्याकडून खबर आली, की टोपलीवाला आलाय. आमचा हवालदार साध्या वेशात गिऱ्हाईक बनून गेला आणि त्याला टोपलीसकट घेऊन आला. टोपलीत पाठीवर काळी झूल घातल्यासारखी तीन पिल्लं होती.

"एकदम असली माल आहे साहेब," टोपलीवाला म्हणाला. "गॅरंटी!"

"आई दाखव."

"आई मिलिटरीत आहे साहेब. भेटायला पास लागतो."

"आणि बाप?"

"बॉर्डरवर असतो तो. सुट्टी नाय मिळत त्याला."

हवालदार खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला. दमदाटी केली, चहा पाजला, पण गडी बधेना. शेवटी त्याच्या घराची झडती घ्यायचं ठरवलं. डोंबिवलीतल्याच मानपाड्याजवळ एका चाळीत तो राहत होता. जीपमध्ये दोन पंच, टोपली, हेडमास्तर आणि मांडीवर पिल्लू घेतलेल्या बाई, अशी आमची वरात निघाली.

चाळीपाशी जीप थांबली मात्र, टोपलीतून कुंईकुंई सुरू झाली. एका हातगाडीखालून तांबूस रंगाची गावठी कुत्री धावत आली. तिचे सड दुधाने ताठले होते. टोपली खाली ठेवताच पिल्लं तिला लुचायला लागली.

"ही कोण रे?"

"दाई आहे साहेब. दूध पाजायला ठेवलीय."

पुढचं काम कुत्रीनेच केलं. ती एकेका पिल्लाला चाटू लागली. जीभ फिरली तिथला काळा रंग उतरून खालचा तांबूस दिसू लागला आणि तिची जीभ मात्र काळी झाली. पंच डोळे फाडून बघत होते. टोपलीवाला मटकन पायरीवर बसला.

"काजळी आणि खोबरेल आहे साहेब," तो म्हणाला. "पण खोबरेल भारीतलं वापरलेलं!"

सगळे हसले. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांच्या मांडीवरचं पिल्लू त्या कुत्रीकडे बघून धडपडत होतं. त्यांनी ते थोडा वेळ घट्ट धरून ठेवलं, मग जमिनीवर सोडलं. ते धावत जाऊन भावंडांत घुसलं.

"पिऊ दे पोटभर," पदराने डोळे टिपत बाई म्हणाल्या. "जरा मोठं झालं की नेईन."

टोपलीवाल्याने कोर्टात गुन्हा कबूल केला आणि त्याला दंड झाला. पिल्लू कोर्टाने बाईंच्या ताब्यात दिलं. पण ते अंगावर पीत होतं तोवर बाई रोज त्या कुत्रीसाठी भाकरी घेऊन मानपाड्याला जात. पिशवी धरून हेडमास्तर मागे असत, तोंडाने कुरकुरत का होईना. बाकीची पिल्लंही अशीच मोठी झाल्यावर चांगल्या घरी गेली. एक तर आमच्या हवालदारानेच नेलं.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. मोठ्या नावाला भुलण्याआधी जन्म झालेल्या घरात डोकावून यावं. कुत्रा घेताना हे चालतंच, जावई शोधतानाही चालतं.

काही वर्षांनी डोंबिवलीतच हेडमास्तर दिसले. साखळीला तो तांबूस कुत्रा होता, तब्येतीने उत्तम, एक कान उभा आणि एक पडलेला. समोरून एक साहेब आपला ऐटबाज कुत्रा घेऊन येत होते.

"जात कुठली तुमच्या कुत्र्याची?" त्यांनी विचारलं.

हेडमास्तरांनी चष्मा सारखा केला.

"जात काही ठाऊक नाही," ते म्हणाले. "पण ह्याच्या आईला आम्ही भेटलो आहोत. तुम्ही भेटला आहात?"