कंपनीले आली

माझ्या नवऱ्याची तेरवी होऊन महिना झाला आणि थोरली जाऊ तिवशाहून आमच्या अमरावतीच्या घरी आली. दारातच म्हणाली, "कंपनीले आली वं." मागून ऑटोवाला तिची ट्रंक घेऊन आत शिरला. चार दिवसांसाठी येणारं माणूस ट्रंक आणत नाही, हे मला तेव्हाच खटकलं.

मी अकोल्याच्या एका शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. शब्द दिसला की उलटासुलटा करून पाहायची खोड लागली आहे, आणि माणसांनाही मी तसंच पाहते. नवरा म्हणायचा, दुधात पाणी नसलं तरी तू शोधून काढशील. कंपनी या शब्दाशी तर माझं जुनंच भांडण. इंग्रजीत तो सोबतीचाही शब्द आहे, पण आपल्याकडे कंपनी म्हटली की कारखाना. एकदा वर्गात 'माणूस त्याच्या कंपनीवरून ओळखला जातो' या अर्थाचं वाक्य मराठीत करायला दिलं. एका पोरीनं लिहिलं, 'मुलगा कोणत्या कंपनीत आहे ते पाहून लग्न जुळवतात.' मी शून्य दिलं. पुढे भाचीसाठी स्थळं पाहत फिरले तेव्हा कळलं, पोरगी काही चुकली नव्हती.

आणि कंपनी द्यायला येणाऱ्यांचा मला विशेष संशय. चहाला कंपनी देतो म्हणणाऱ्याचा डोळा बहुतेक वेळा चहावरच असतो. जावेचा डोळा कशावर आहे, एवढंच शोधायचं होतं.

दुसऱ्याच दिवशी कपड्यांच्या घड्या घालता घालता तिनं विचारलं, "घर आता कोनाच्या नावावर आहे वं?"

घर आम्हां दोघांच्या पगारातून बांधलेलं, पण खालचा प्लॉट सासऱ्यांनी घेतलेला. थोरले दीर कधीच गेले, तरी त्यांचा मुलगा आहे. उद्या त्यानं हिस्सा मागितला तर या वयात मी जाणार कुठे? माझा मुलगा पुण्यात दोन खोल्यांत राहतो. त्याच दुपारी, ती झोपल्यावर, मी घराचे कागद कपाटातून काढले, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळले आणि रव्याच्या मोठ्या डब्यात तळाशी दडपले.

त्यानंतर तीन आठवडे मी तिच्यावर पाळत ठेवली. ती पहाटे उठून अंगण झाडायची, मला चहा द्यायची, माझ्या गुडघ्याला तेल चोळायची. जेवढं जास्त करायची, तेवढी मी सावध व्हायची. एकदा न सांगता तिनं शिरा केला. फार चांगला झाला होता, आणि मला त्याचाही राग आला. इतकं गोड कशासाठी?

मग एक दिवस गच्चीवर ती मिरच्या वाळत घालत होती आणि मी जिन्यात होते. आपल्या मुलाशी फोनवर बोलत होती. "नाई बोलली अजून तिले. मास्तरीण आहे ते, तोंडावर नाई मनन. मोका पाहून काढतो गोष्ट."

म्हटलं, सापडली. संध्याकाळी चहाचे कप समोर ठेवले आणि सरळ तोंड उघडलं. "बाई, हिस्सा पाहिजे असेल तर स्पष्ट बोला. ही सोबतीची नाटकं नकोत. आणि कागद बँकेच्या लॉकरमध्ये आहेत, उगाच शोधू नका."

तिनं कप खाली ठेवला.

"पोरगा नांदगाव पेठले कंपनीत," ती म्हणाली. "सूनही आता तिथंच लागली. एक खोली केली त्यायनं. तेवढ्यात मी कुठी मावू? तिवशाचं घर दिवसभर खायले धावते मले. समदे कंपनीत गेले, मनून मी कंपनीले तुयापाशी आली."

तिनं पदरानं कपाची कड पुसली.

"घर तुया नावावर असन तं तुले इचारू, तुया पोराच्या नावावर असन तं त्याले फोन करू, का मी इथंच राहू काय कायमची. मनून इचारलं होतं. हिस्सा कायचा वं?"

'कंपनीले आली.' या वाक्यात कोण कोणाला कंपनी देणार हे कुठेच नाही. मी आपली धरून चालले, की विधवा मी, एकटी मी, म्हणजे गरज माझीच. ती माझ्याआधी बारा वर्षं विधवा आहे, हे एकदाही मनात आलं नाही. मला माझीच लाज वाटली.

ती उठून आत गेली आणि ट्रंक भरू लागली. मी दारात उभी. माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "आन कागद लॉकरमंदी नाईत. रव्याच्या डब्यात आहेत. पयल्याच हप्त्यात सापडले मले, उपमा कराले गेली तवा. तवापासून दुकानातून रव्याचा पुडा आनून राह्यली. किडा लागन मनून कडुलिंबाचा पाला टाकला त्यायच्यावर."

तो शिरा कोणत्या रव्याचा होता, हा प्रश्नही मला पडला नव्हता.

मी जाऊन तिच्या ट्रंकेचं झाकण लावलं आणि त्यावर बसले. "बाई, जाऊ नका," मी म्हटलं. "मले कंपनी पाहिजे." 'मले' आणि 'कावून' म्हणणाऱ्या पोरांना एकतीस वर्षं 'मला' आणि 'का' म्हणायला लावलं, आणि माझ्याच तोंडून 'मले' आलं.

घडी घातलेलं लुगडं हातात धरून ती माझ्याकडे पाहत राहिली. तीन आठवडे मी तिच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं होतं, अगदी त्याच नजरेनं.

"कावून?" तिनं विचारलं.