आत्याचं स्वयंभू सीताफळ

माझ्या आत्यानं, चंद्रभागा कचरू ओव्हाळ हिनं, चुकून एक देव घडवला. आमच्या घरात ती सोयच नाही. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर आजोबांनी देव्हाऱ्यातले सगळे देव पाटीत घातले आणि मुळा नदीला दिले. रिकाम्या देव्हाऱ्यात आजीनं मिठाची बरणी ठेवली. अशा घरातल्या बाईच्या हातून हे व्हावं!

आत्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. नव्वदनंतर यंत्रं आली, लोक आपापले नंबर आपणच फिरवू लागले आणि आत्याला दिवसभर बसायला नुसती एक खुर्ची उरली. तिनं मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि मातीकाम शिकायला गेली. सगळ्या बाया फुलदाण्या करत होत्या. आत्यानं मंडईतून सीताफळ आणलं, आठवडाभर त्याच्याकडे बघत बसली आणि जाहीर केलं, "या डोळ्यांची ओळ कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे कळल्याशिवाय मी दुसरं काही करणार नाही."

झालं. कमरेएवढं सीताफळ करायचं ठरलं. भट्टी लहान, म्हणून एकेक डोळा वेगळा भाजायचा आणि भंगारातल्या टेलिफोनच्या तांब्याच्या तारेनं सांगाड्यावर बांधायचा. वरून चकाकी द्यायची नाही, कारण सीताफळ चकाकत नाही. आतला गर मात्र पांढराशुभ्र, चकचकीत. जुन्या काळ्या रिसीव्हरचे तुकडे घासघासून तिनं बिया केल्या आणि गरात बसवल्या. मग वरून सगळं बंद.

"अगं, आत कोण बघणार आहे?" मी विचारलं.

"सीताफळ कोणाला विचारून बिया घालतं का?"

मी हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. आवारातली सगळी झाडं तोडून झाल्यावर कंपनीला निसर्गाची आठवण झाली. आमचे व्यवस्थापक इंद्रजीत सर म्हणाले, "पायल, लॉबीत काहीतरी नेचर पाहिजे." मी आत्याचं नाव सांगितलं. सीताफळ टेम्पोतून आलं. खाली तिच्या नावाची पाटी लागणार, असं कबूल झालं. आत्या जाम खूश होती. जन्मभर तिचा आवाज लोकांनी ऐकला होता, नाव कोणी विचारलं नव्हतं.

नेमकी दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. दारावरचा रखवालदार पोपट मूळचा तिथलाच. त्याच्या ज्वारीच्या शेतावरच आमची इमारत उभी. त्यानं रीतीप्रमाणे यंत्रांची पूजा केली: संगणक, प्रिंटर, कॉफीचं मशीन, सगळ्यांना हळद-कुंकू आणि झेंडू. सीताफळालाही एक बोट लावलं. बाकीचं कुंकू पुसलं गेलं. कोऱ्या मातीनं मात्र ते पिऊन टाकलं. त्याच दुपारी दोन दिवस बंद पडलेला सर्व्हर सुरू झाला.

पुढचं सांगायलाच नको. सीताफळाचा सर्व्हरोबा झाला. शेंदूर आला, तेल आलं. अमेरिकेला काम पाठवण्याआधी इंजिनिअर पोरं नारळ ठेवू लागली. आत्याच्या नावाच्या जागी पाटी लागली, 'कृपया पादत्राणे बाहेर काढावीत'. पोपट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "सयंभू हाय. जमिनीतून वर आला." टेम्पोतून उतरवताना खालची बाजू त्यानंच धरली होती!

मी हे आत्यापासून लपवलं. शेवटी पाटी बघायला ती स्वतःच आली, नवी साडी नेसून. चपला काढून तिला रांगेत उभं राहावं लागलं. शेंदरात बुडालेलं आपलं सीताफळ बघून ती पांढरी पडली.

"इंद्रजीतराव, हे पुसून टाका," ती म्हणाली. "आणि माझं नाव लावा."

"मॅडम, लोकांच्या भावना आहेत. आणि स्वयंभूखाली नाव कसं लावणार?"

"माझ्या वडिलांनी देव नदीत सोडले. त्यांच्या मुलीनं केलेली वस्तू पुजायला नाही, बघायला आहे!" आत्याचा आवाज फुटला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं समोरचा नारळ उचलला. पोपट कौतुकानं म्हणाला, "आजी, फोडायचा दगूड तिकडं हाय." आत्यानं ऐकलं नाही. तिनं दोन्ही हातांनी नारळ सीताफळावरच आपटला. नारळ शाबूत राहिला. सीताफळाचा एक डोळा फुटून खाली पडला.

खंडित मूर्ती पुजत नाहीत, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. सर्व्हरोबा संपला होता. इंद्रजीत सर सर्व्हरकडे धावले. तो मेला चालूच होता.

पोपट कपाळाला हात लावून भोकापाशी वाकला. वाकला तो वाकलेलाच राहिला.

"आत गर हाय," तो म्हणाला. "बिया हायती!"

पोरं रांग मोडून पुढे आली, एकेकानं डोळा लावला. कोणी हात जोडले नाहीत. सगळे नुसते बघत होते. पोपटनं पादत्राणांची पाटी काढून काखेत मारली आणि आत्याकडे वळला.

"कुणी केलं हे?"

आत्या घळाघळा रडत होती. तशीच म्हणाली, "मी."