पाचव्या मैलावरचा माणूस

अकोला-पातूर सडकेवर प्रत्येक मैलकुली आपल्या वाट्याच्या मैलाची डागडुजी करत एकटाच राबायचा. त्यांचा मुकादम रोज दुपारी आमच्या सडक-कचेरीच्या फाटकाशी उभा राहून पातूरकडून येणारी प्रत्येक बैलबंडी थांबवून एकेका गड्याची चौकशी करायचा. "पाचव्या मैलावर आमचा गडी दिसला काय? बोलला काय? काय बोलला?" नुसतं दिसणं त्याला पुरत नसे.

मी कचेरीतला कारकून, आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मला हे खूळ वाटे. "मुकादम, हजेरीबुक मंग कायले आहे?"

"बाबू, हजेरी सकाळी लागते. साप दुपारी चावते."

एकदा बंडीवाला म्हणाला, "पाचव्या मैलावर फावडं दिसलं, मानूस नाई दिसला." आत तपासणीला आलेले साहेब मुकादमाला बोलावत होते. तो न विचारता माझी सायकल घेऊन निघून गेला. ऊन लागून नालीत पडलेल्या गड्याला ओल्या धोतरात गुंडाळून, बंडीत घालून त्यानं आणलं. गडी वाचला.

साहेबांनी लेखी जबाब मागितला; नोकरीवरच आलं होतं. मुकादम मला म्हणाला, "लिवा बाबू. साहेबापाशी आमी समदे होतो. गड्यापाशी कोनी नव्हतं."

मी तेवढंच इंग्रजीत लिहिलं. मुकादम कामावर राहिला.